अकरा घोडे आणि डॉक्टर देवरे

धुळ्याच्या देवपुरात आग्रा रोडवर गव्हाच्या कोंड्याचं पोतं पायाशी ठेवून मी अर्धा तास उभी होते. सोनगीरकडे जाणारी बस डोळ्यांदेखत निघून गेली होती. कंडक्टरनं आधी माझ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे, आणि सरळ घंटी मारली. वैशाखातलं ऊन... ओढणी डोक्यावरून घेतली तरी कपाळ भाजत होतं. तेवढ्यात एक सरकारी जीप पुढे जाऊन थांबली आणि तशीच उलटी मागे आली.

"कुठं जायचंय?"

"सोनगीरच्या अलीकडे. पण पोतं आहे."

"पोत्याला वेगळं तिकीट नाही," तो म्हणाला, आणि खाली उतरून त्यानं स्वतःच ते मागे टाकलं.

तिशीच्या आतलाच असेल. सावळा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बाह्यांना धूळ. दोन सीटांच्या मध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची पेटी होती.

"एवढा कोंडा घरी खातं कोण?"

"अकरा जण."

"मोठं कुटुंब."

"मोठं आणि लाडावलेलं. पाचला कोंडा भिजलेला नसला तर लाथा झाडतात."

तो मोकळेपणी हसला. "सासरचे का?"

"सासर नाही अजून," मी म्हटलं. इतक्या घाईघाईनं सांगायची काय गरज होती, असं वाटून मी बाहेर बघायला लागले. गाडी जरा हळू झाल्यासारखी वाटली मला.

"तिकडे एक घोड्यांची संस्था आहे म्हणे," थोड्या वेळानं तो म्हणाला. "शर्यतीतून काढलेले घोडे सांभाळतात. तुम्हाला ठाऊक आहे?"

"ते अकरा जण तेच! मी यशोदा पाटील. संस्था मीच बघते."

त्याचा हात गिअरवर तसाच राहिला. चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं.

"मी डॉक्टर देवरे. पशुसंवर्धन खात्याचा," तो म्हणाला. "मी... तुमच्याकडेच निघालो होतो."

पुढचा सगळा रस्ता मी त्या बर्फाच्या पेटीकडे बघत बसले.

*

माझे वडील, गिरधर नाना, पुण्या-मुंबईच्या तबेल्यांत सव्वीस वर्षं सईस होते. घोड्याला चारापाणी, खरारा, मालिश, सगळं त्यांच्याकडे. सहा-सात वर्षांचा झाला, पायाची शीर गेली, की तोच घोडा मालकाला नको होतो. मग कुणी टांग्याला जुंपतं, कुणी वरातीला नेतं, आणि काहींचं काय होतं ते नाना सांगतच नसत. मुंबईच्या एका पारशी बाईंनी संस्था काढायची म्हटल्यावर नानांनी आपलं आठ एकर रान त्या संस्थेला दिलं. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. तेव्हापासून मी आणि कुट्टी कापायला येणारी झुंबरबाई.

हे घोडे ट्रकमधून उतरतात तेव्हा त्यांना फक्त पळायचं ठाऊक असतं. पहाटे आपोआप जागे होतात आणि थरथरत दाराशी उभे राहतात. कॅप्टन नावाचा एक तर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला की सुटलाच. मग सहा-सहा महिने सुजलेल्या पायांवर गार पाणी, पट्ट्या, आणि बैलगाडीच्या मागे सावकाश चालायला शिकवणं. घोडा निवला की त्याला घर शोधायचं. दिलेल्या घरी मी एसटीनं न कळवता जायची. कधी शिरपूर, कधी पार पहूर. दावं सैल आहे का, पाठ सोललेली नाही ना, बघून यायची.

त्या सोमवारी सोनी घोडी जायची होती, मुलांना घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या शिरपूरच्या एका शाळेत. तांबडी, उंच, नानांचा जीव की प्राण. तिच्या निरोपासाठीच मी या वेळी कोंडा जरा जास्त आणला होता.

डॉक्टर नानांच्या खाटेशी उकिडवे बसले आणि त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या गावात वरातीची एक घोडी मेली. ग्लँडर्स नावाच्या रोगानं. नाकातून वाहतं, अंगावर गाठी फुटतात. माणसालाही होतो. औषध नाही. खालच्या पापणीत तपासणीची सुई टोचायची आणि अठ्ठेचाळीस तास वाट बघायची. डोळा सुजला तर घोडा मारावा लागतो. कायदाच तसा आहे.

"ती घोडी इथं कधी आली होती का?" त्यांनी विचारलं.

"नही," नाना म्हणाले. "आमनाकडे बाहेरनं जनावर येतच नही."

मी मान खाली घालून कोंड्याच्या पोत्याची शिवण उसवायला लागले.

*

डॉक्टर दोन दिवस आमच्याच कुट्टीच्या खोलीत राहिले. तपासणी होईपर्यंत कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. मला वाटलं होतं, ते खुर्चीवर बसून राहतील. पण पहाटे बघते तर लेंगा खोचून शेण भरत होते.

"हे तुमचं काम नाही," मी म्हटलं.

"बसून राहिलो तर घड्याळ बघत राहीन."

झुंबरबाईनं त्यांना काहीतरी विचारलं आणि ते भरभर बोलायला लागले... चक्क अहिराणीत.

"तुम्हाला येते?"

"मनं गाव शिरपूरकडे शे," ते लाजून म्हणाले.

"मग कालपासून असं पुस्तकातलं बोलून आम्हाला का घाबरवत होतात?"

"घाबरवायला नाही..." त्यांनी खोरं भिंतीला टेकवलं. "मीच घाबरलो होतो. जीपमध्ये तुम्ही नाव सांगितलंत तेव्हापासून."

एरवी असं कुणी बोललं असतं तर मी रात्रभर कूस बदलत राहिले असते. मला मात्र त्या क्षणी आपल्याला आनंद होतोय याचीच भीती वाटली. पलीकडे अकरा घोडे उभे होते आणि अकरांच्याही पापण्यांत ती सुई गेली होती.

दुसऱ्या संध्याकाळी हौद घासताना माझ्याच्यानं राहवलं नाही.

"ती घोडी आली होती."

ते वळले.

"वरातवाले लग्न आटपून चालले होते. दुपारचं ऊन, तिच्या तोंडाला फेस. नाना झोपले होते. मीच म्हटलं, पाजा हौदावर पाणी. नाक वाहत होतं तिचं... मला वाटलं, धुळीनं." मी घासणी हौदात टाकली. "बाहेरचं जनावर आत घ्यायचं नाही, हा नानांचा नियम. मीच मोडला."

"मला हे लिहावं लागेल," ते म्हणाले. "खोटं लिहिणार नाही मी. पण नानांना सांगायचं की नाही, ते तुमचं."

त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. म्हणूनच बहुधा मला त्यांच्याजवळ उभं राहता आलं.

सकाळी तीन डोळे सुजले होते. कॅप्टन, बिजली आणि सोनी.

*

हुकूम यायला दोन दिवस गेले. रानाच्या कडेला खड्डे खणले, चुन्याची पोती आली. नानांनी खाटेवरून हाक मारली, "मनी सोनीले मी धरसू." आम्ही त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. दावं त्यांच्या उजव्या हातात दिलं. सोनीनं नेहमीसारखं त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवलं. एक डोळा मिटलेला, चिकटलेला.

तेव्हा मी सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. हौदाचं, त्या घोडीचं, सगळं.

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. सोनीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. तिच्याकडेच बघत म्हणाले, "तू पानी दिधं, पोरी. जहर नही दिधं." आणि मग डॉक्टरांना, "करा तुम्ही."

डॉक्टरांनी सुई घातली. त्यांचा हात जरासुद्धा कापला नाही. सोनीचे पुढचे पाय दुमडले, ती खाली गेली आणि दावं नानांच्या हातातून ओढलं गेलं.

डॉक्टर गुडघे टेकून तिच्या छातीला नळी लावून बसले होते. मी म्हटलं, "झालं असेल तर जा इथून."

ते गेले.

*

पण तीन आठवड्यांनी परत आले, तेव्हा उरलेल्या आठांची दुसरी तपासणी होती. त्याच वेळी आम्हा तिघांचं रक्त तपासायला धुळ्याला तेच घेऊन गेले. आम्हाला काही झालेलं नव्हतं. घोड्यांच्या डोळ्यांची वाट बघत ते पुन्हा इथंच राहिले; मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. ते रिकाम्या ठाणांच्या भिंतींना चुना लावायचे. खात्यानं सांगितलं नव्हतं. मी बाजूच्या ठाणात खरारा करत त्यांच्या ब्रशचा आवाज ऐकायची... आणि आवाज थांबला की माझाही हात थांबायचा.

तिसरी तपासणी आषाढात झाली. रिमझिम सुरू होती. आठांचेही डोळे स्वच्छ निघाले. झुंबरबाई पदरात तोंड घालून रडली. डॉक्टर वहीत सही करून पडवीत आले. पावसानं त्यांचे केस कपाळाला चिकटले होते.

"माझी बदली झालीय. नंदुरबारला," ते म्हणाले. "आता इथं यायला मला कारण नाही."

मी त्यांच्या वहीवरचं पाणी ओढणीनं पुसलं.

"कारण नसताना आलो तर... चालेल?"

"कशाला याल?"

"तुम्हाला बघायला," ते म्हणाले. या वेळी लाजले नाहीत. "लग्नाचं विचारायला."

पागोळ्या पडत होत्या. मला जे बोलायचं होतं ते सुंदर नव्हतं, पण खरं होतं.

"सोनीला टोचताना तुमचा हात कापला नाही. त्याचा मला राग आहे. कापला असता तर तिचेच हाल झाले असते, हेही कळतं मला. पण राग जाईल असं वाटत नाही."

"नाही गेला तरी चालेल."

"मी इथून हलणार नाही. नाना आहेत, हे आठ आहेत."

"शनिवारी बसनं येईन, सोमवारी पहाटे जाईन. पुढं धुळ्याला बदली मागेन."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. मी घरजावईच होणार."

मला हसू आलं. किती आठवड्यांनी... आणि हसता हसता रडायलाच आलं. त्यांनी हात पुढे केला, मग स्वतःच त्या हाताकडे बघितलं आणि मागे घ्यायला लागले. उजवा हात होता तो.

मी तो मागे जाऊ दिला नाही. दोन्ही हातांनी धरला. चुन्यानं सोलवटलेला, खरखरीत झाला होता. आत दाव्याला बांधलेले आठ जण पाय आपटत होते, त्यांची चाऱ्याची वेळ झाली होती, तरी मी तो तसाच धरून उभी राहिले.