डावी कड

धाकटा त्या गुरुवारी कामावर जायला निघाला आणि परत आला नाही. असो. हे झालंच नाही असं धरून चालू, कारण ताईनेही बरेच दिवस तसंच धरून चालवलं. रोज रात्री त्याचं ताट वाढलं, झाकून ठेवलं आणि सकाळी स्वतःच खाल्लं.

तर, धाकटा आहे. ताईचा सख्खा भाऊ, वय चोवीस. काचेच्या कारखान्यात बाटल्या उजेडात धरून तडे शोधतो. त्याच्याकडे लाल स्पोर्ट्स मोटरसायकल आहे. तिच्यावर तो, आईच्या शब्दांत, गरम तव्यावर बेडूक बसावा तसा बसतो. ताईचं टायरचं दुकान घराखालीच. टायर पाहून ती माणसाचा स्वभाव सांगते, आणि तो सहसा वाईट निघतो.

एका सकाळी तिने भावाच्या गाडीचा पुढचा टायर पाहिला. मधली नक्षी शाबूत. उजवी बाजू कोरी करकरीत. डावी बाजू मात्र पार गोटा.

"कुठल्या घाटात झोपवतोस गाडी?"

"कामावर जातो गं. अकरा किलोमीटर, सुतासारखा सरळ रस्ता. झोप येते, झोपवायचं लांबच."

"मग डावी कड काय उंदरांनी खाल्ली?"

"दुकान तुझं, उंदीर तुझे."

पुढचा टायर थोडाफार एका बाजूला झिजतोच. रस्ता कडेला उतरता असतो, हवा कमी असते, कधी चाक धरणारा फोर्क वाकलेला असतो. ताईने हवा मोजली, चाक फिरवून पाहिलं, बेअरिंग हलवून पाहिली, फोर्क दोरा लावून जोखला. सगळं शहाण्यासारखं होतं. तिने नवा टायर चढवला आणि त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पिवळ्या खडूने आडवी रेघ मारली. गाडी जितकी कलते तितकी रेघ पुसली जाते. भाऊ खोटं बोलू शकतो, टायर बोलत नाही.

संध्याकाळी रेघ मधोमध पुसली होती, ते साहजिकच. उजवीकडे ती जशीच्या तशी होती. डावीकडे कड दोन बोटं राहिली होती, तिथपर्यंत साफ.

दुसऱ्या दिवशी ती स्कूटर काढून त्याच्या मागे गेली. तीन किलोमीटरवर गोदामाची लांबलचक करडी भिंत लागते. डावीकडे भिंत, शेजारी रस्ता, ऊन, एक कुत्रं. नऊ वाजून दहा मिनिटांनी धाकटा डावीकडे कलला. हळूहळू, शिस्तीत, गुडघा बाहेर काढून. आणि तसाच कललेला सरळ जात राहिला. गाडी वळत नव्हती. पडतही नव्हती. कुत्र्याने पाहिलं आणि मान फिरवली. भिंत संपायच्या सुमारास तो सरळ झाला.

कारखान्याच्या फाटकाशी तिने त्याला गाठलं.

"काय चाललं होतं मघाशी?"

"कुठे काय? वळण आहे ना तिथे."

"तिथे वळण नाहीये."

"तुला नसेल." त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "आणि ताई, रोज जरा जरा आवळतंय ते."

ताईने किल्ली काढून घेतली आणि त्याला बसने पाठवलं. बस सरळ चाललेली, माणसं ताठ बसलेली, आणि नऊ दहाला धाकटा एकटाच उजवीकडच्या बाईंच्या मांडीवर जाऊन पडला. बाईंनी त्याच्या खानदानाची चौकशी केली. मग ताईने त्याला रजा घेऊन घरी बसवलं. नऊ दहाला तो खुर्चीसकट फरशीवरून सरकत गेला आणि कपाटावर आदळला. भुवईला तीन टाके. आईने निदान केलं, अशक्तपणा. तिने दूध वाढवलं.

"गाडीवर निदान कलता येतं," धाकटा म्हणाला. "खुर्चीला पुढचा टायर नसतो."

ताईला हे पटलं. तिने किल्ली परत दिली.

त्यानंतर तिला एकच काम उरलं, त्याची डावी कड राखायचं. टायर आधी पंधरा दिवसांत जायचा, मग आठ, मग चार. खडूची रेघ रोज आणखी कडेपर्यंत पुसली जायची. दोन बोटं उरायची त्याचं एक बोट झालं, मग नखाएवढी. त्या मापाचे टायर तिने थप्पी लावून ठेवले. गिऱ्हाईक विचारायचं, शर्यतीला उतरताय की काय. हो, म्हणायची.

बुधवारी संध्याकाळी डाव्या कडेला रबराखालचे धागे दिसले.

पंचाईत अशी की नवा टायर पहिले शंभर किलोमीटर निसरडा असतो. वरचा तुकतुकीत थर जाईपर्यंत गाडी फार कलवायची नाही, हे ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला पाढे म्हटल्यासारखं सांगते. आतापर्यंत निभावलं, कारण इतकं कलावं लागत नव्हतं. आता एकीकडे जुना गोटा, दुसरीकडे नवा निसरडा, आणि भिंतीपर्यंत जेमतेम तीन किलोमीटर.

गुरुवारी सकाळी तिने नवा चढवला. पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास ती डावी कड घासत बसली. काळी धूळ नखांत गेली, श्वासात गेली. आई जिन्यातून म्हणाली, त्याला दूध पिऊन जायला सांग.

"धर," ताईने किल्ली पुढे केली, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "पहिले शंभर किलोमीटर कलवू नकोस."

"वळणाला सांगतो तसं," धाकटा म्हणाला.

ती स्कूटरवर मागे होती. भिंत आली. नऊ दहा झाले.

तो कलला. गुडघा टेकला. मग कोपर.

आता टायर सुटणार. ती वाट पाहत राहिली.

टायर सुटला नाही.

तिच्या हातचा टायर इतका चोख धरून राहिला, की गाडी पहिल्यांदाच वळली. डावीकडे, एका लयीत, जिथे भिंत होती तिकडे. ब्रेकचा लाल दिवा एकदा लागला.

मग नुसती भिंत होती. ऊन होतं.

जुना टायर असता तर धाकटा घसरला असता. खुबा मोडला असता, सहा महिने खाटेवरून सगळ्यांना शिव्या दिल्या असत्या. पण रस्त्यावर सापडला असता.

हवालदाराने भिंत वाजवून पाहिली. गोदामाच्या आत जाऊनही पाहिलं. खोक्यांच्या चळती, त्यांवर बोटभर धूळ.

शुक्रवारी ताईने दुकान उघडलं. खुंटीला त्याच मापाचा कोरा टायर टांगलेला होता. सव्वानऊच्या सुमारास तिचं लक्ष गेलं, तर खाली फरशीवर रबराचा बारीक भुगा पडला होता. उजवी बाजू कोरी. डावी कड खरवडलेली, हाताला गरम.

चार दिवसांत तिथे धागे दिसायला लागले. तिने तो उतरवला आणि दुसरा टांगला. तेव्हापासून ती टांगतेच आहे. एखाद्या वेळी बदलला नाही तर काय होईल, हे पाहायची तिची हिंमत नाही.

मागच्या आठवड्यात तिने रस्ते खात्याकडे दुसरा अर्ज दिला. पोच मिळाली आहे.

'महोदय, गोदामाच्या भिंतीलगत डावे वळण अस्तित्वात नाही, असे आपल्या कार्यालयाचे पत्र मिळाले. त्याबाबत माझी तक्रार नाही. सदर वळण बंद करावे अथवा सरळ करावे, अशीही माझी मागणी नाही, कारण माझा भाऊ सध्या त्यावर आहे. तरी सदर वळणाची एकूण लांबी किलोमीटरमध्ये कळवावी, म्हणजे आणखी किती टायर मागवून ठेवावेत याचा अंदाज घेता येईल, ही नम्र विनंती.'