न उचललेलं वाक्य

कुजबुजकाका भर दुपारी नाट्यगृहात गेले ते विसरलेला चष्मा आणायला. नाटक मंडळीत ते प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की विंगेतून हळूच वाक्य सांगणारे. हे टोपणनाव त्यांना ऐन पंचविशीत चिकटलं आणि केसांबरोबर पिकलं.

आत काळोख होता. जुन्या पडद्यांचा कुबट वास येत होता. चष्मा विंगेतल्या स्टुलावरच सापडला. तो उचलत असतानाच रंगमंचावरून बाईचा आवाज आला.

"तुझ्या मनात काही असेल... तर आज बोल."

आवाज त्यांच्या जुन्या नायिकेचा होता. गेल्याच आठवड्यात तिच्या अंत्ययात्रेत ते सगळ्यांच्या मागून, मान खाली घालून चालले होते.

हे वाक्य कुठल्याच नाटकातलं नव्हतं. तरुणपणी, मंडळी जेवायला पांगली असताना, तिने ते इथेच त्यांना विचारलं होतं. काकांचा तिच्यावर जीव होता. पण हातात संहिता होती, आणि भित्र्या माणसाला कागदाचाही आडोसा पुरतो. त्यांनी तिला नाटकातलं तिचंच पुढचं वाक्य सांगितलं, "पाहुणे आलेत, दार उघडा." ती हसली, मग डोळे पुसत निघून गेली. मला वाटलं ती वाक्य विसरली, असं काका जन्मभर स्वतःला सांगत आले. शुद्ध थाप. त्यांना सगळं कळलं होतं.

"बोल ना..." आवाज पुन्हा आला.

काकांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तेवढ्यात अगदी कानाशी, प्रॉम्प्टरच्याच हळू सुरात, तिनेच वाक्य पुरवलं.

"माझं... तुझ्यावर प्रेम आहे..."

इतकं आयतं ताटात वाढलेलंही त्यांना म्हणवेना. ते बाहेर उन्हात पळाले. शरमेने कान तापले होते, आणि त्याच कानात ते वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. नट वाक्य उचलेपर्यंत प्रॉम्प्टरने थांबायचं नसतं, हे काकांनीच कितीजणांना शिकवलं होतं.

घरी बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "काय झालं? चेहरा का असा उतरलाय?"

"काही नाही... ऊन लागलं."

ती त्यांच्या खांद्यामागे बघत राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "म्हणून टाका ना एकदा. किती वेळ ताटकळत ठेवणार त्यांना?"