कोरं राहिलेलं पान

पावसाने प्रयोगशाळेची खिडकी धुऊन काढली होती आणि काचेपलीकडे एक माणूस बर्फाची पेटी पोटाशी धरून उभा होता. स्वतः नखशिखांत भिजलेला, पेटी मात्र कोरडी.

"नेहमीचे पेटीवाले काका कुठे गेले?" रक्ताचे नमुने तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गाडीवरून पडलेत. म्हणून मी आलो, गुरांचा डॉक्टर. आत घेताय, की इथूनच वाहून जाऊ?"

तिला हसू आलं. खरं तर त्या दिवसांत हसण्यासारखं काही नव्हतं. जंगलात हरणं मरत होती आणि जंगलाकडेला चरणाऱ्या मेंढ्या ताप चढल्यापासून तिसऱ्या दिवशी मान टाकत होत्या. ठाऊक असलेला एकही रोग त्यांच्या रक्तात सापडत नव्हता.

मग दर मंगळवारी तोच पेटी आणू लागला. काका केव्हाच ठणठणीत झालेत हे तिला माहीत होतं, पण माहीत असल्याचं तिने दाखवलं नाही. "तुझं लग्न त्या सूक्ष्मदर्शकाशीच लावून देते," म्हणणारी आईसुद्धा, लेक हल्ली सोमवारी रात्री साड्या का निवडते, हे न विचारता गालात हसायची.

सहाव्या मंगळवारी त्याच्यासमोरच तिचा निकाल आला. विषाणू नवा होता. आजवर कुणी न पाहिलेला.

"शोधणाऱ्याने नाव ठेवायचं असतं ना? माझं ठेवा," तो म्हणाला.

"कशाला? आधीच माणसं तुम्हाला बघून वाट बदलतात."

"तुम्ही कुठे बदलता..."

पेटीच्या झाकणावरचा तिचा हात त्याने हातात घेतला. दोघांच्याही हातांत मोजे नव्हते. ती लाजली, पण हात तिने सोडवून घेतला नाही.

पुढच्या मंगळवारी पेटी काकांनी आणली. मेंढ्यांच्या रक्ताच्या नळ्यांशेजारी एक नळी माणसाची होती.

"डॉक्टरसाहेबांना कालपासून ताप आहे," काका खाली मान घालून म्हणाले.

तिने दोनदा तपासलं. दोन्ही वेळा तोच विषाणू निघाला.

जनावर हाताळताना मोजा फाटला, साधा ओरखडा आला, तरी नोंदवहीत लिहायचं आणि तीन आठवडे कुणाच्या जवळ जायचं नाही, असा कडक नियम होता. तिने वही मागवली. त्याचं पान कोरं होतं.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. तो काचेपलीकडे पडला होता, डोळे लाल, फोन कानाशी.

"कधी लागलं?" तिने अलीकडच्या फोनवर विचारलं.

"गेल्या आठवड्यातल्या सोमवारी... हरणाचं शिंग."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं असतं तर मंगळवारी येता आलं नसतं."

तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच रागात, या माणसावाचून आपलं काही खरं नाही, हेही कळलं. त्याच्या तापाचा आज दुसरा दिवस होता. औषध अजून कुणाकडेच नव्हतं.

"मूर्ख आहेस तू," ती रडत म्हणाली.

"आहे."

परिचारिका यादी घेऊन आली. डॉक्टरीणबाईंच्या हातातला फोन घेऊन परिचारिकेने त्याला विचारलं, "ताप यायच्या आधी कुणाकुणाला हात लागलाय तुमचा?"

"कुणालाच नाही," तो छताकडे बघत म्हणाला.

खोटं होतं, तिच्यासाठी बोललेलं. यादीत नाव आलं की तीन आठवडे कोंडून घ्यायचं, आणि तिने शोधलेला विषाणू आयता दुसऱ्याच्या टेबलावर जायचा. तिने फोन परत घेतला.

"माझं नाव लिहा," ती परिचारिकेला म्हणाली.

"नातं?"

"लग्न ठरलंय आमचं."

काचेपलीकडे तो उशीवरून अर्धवट उठला.

"कधी ठरलं?" त्याने विचारलं.

"आत्ता. नाही म्हणायचं असेल तर बरा हो, आणि समोर येऊन म्हण."

परिचारिकेने मान वर न करता ते लिहून घेतलं आणि शेजारच्या खोलीचं दार तिच्यासाठी उघडलं.