गुडघ्यांवर ओढलेला झगा

खोटं वाटेल. वाटू दे. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

गेल्या मे महिन्यातला शनिवार. भर दुपार. मावशीचं फोटो-फ्रेमचं दुकान.

भंगारवाल्याकडून तिला जुन्या फोटोंचं खोकं मिळालं होतं. समुद्रावर निवांत पडलेली, कोण कुठली माणसं. कुणी तोंडावर पेपर घेऊन झोपलेलं, कुणी वाळूत पाय खुपसून बसलेलं. आपला फोटो निघतोय, याचा कुणाला पत्ताच नाही! मावशीचा त्या फोटोंवर भारी जीव. भिंतभर लावले तिने.

त्यात एक जाडजूड बाई होती. झगा गुडघ्यांच्या वर खोचून खो खो हसणारी.

तो फोटो मावशीने मोठा करून दर्शनी काचेत लावला. खाली पाटी – 'डाएट उद्यापासून!'

गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. मावशीही.

त्या दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मावशी काच पुसत होती.

अचानक लाटांचा आवाज आला...

समुद्र तिथून कितीतरी लांब.

मग तोही थांबला. रस्त्यावरच्या गाड्याही ऐकू येईनात.

तिने फोटोकडे पाहिलं...

बाई हसत नव्हती.

तोंड घट्ट मिटलेलं. झगा गुडघ्यांवरून खाली ओढून दोन्ही मुठींत धरलेला.

"भीती नंतर वाटली गं," मावशी सांगते. "आधी लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

तिने पाटी उपटली. "चुकलं हो माझं, बाई..."

मागे कुणीतरी हुंदका दिला.

ती वळली. कुणीच नाही. फक्त भिंतीवरचे फोटो...

त्यांतली सगळी माणसं तिच्याकडेच बघत होती. तो झोपलेला माणूससुद्धा. पेपर बाजूला करून.

तेवढ्यात काका जेवणाचा डबा घेऊन आले. मावशीचा नवरा म्हणजे एक नंबरचा थट्टेखोर. पण फोटो पाहून त्यांनी डबा तसाच खाली ठेवला.

"ही... हसत होती ना गं?"

मावशीने तो फोटो टाकला नाही. स्वच्छ कापडात गुंडाळून घरच्या कपाटात ठेवला.

परवा मी म्हटलं, "दाखव ना मला."

मावशी मला कपाटाच्या खोलीत घेऊन गेली. मग कपाटाच्या अर्धवट उघड्या दाराशी वाकून हळूच म्हणाली, "बाई, माझी भाची आलीये. बघू दे का तिला?"

आम्ही थांबलो...

दार आतून, हलकेच, ओढलं गेलं.

तेव्हापासून मी त्या खोलीत बसत नाही.