चिंचेपासून पुढची वाट

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं. मी स्वतः तिथे होते. आणि हे भर दुपारी घडलंय, लख्ख उन्हात. अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

मी आश्लेषा. मूळची पुण्याची, सहा वर्षं बंगळुरात, मारतहळ्ळीला राहते. आमचा मराठी लोकांचा चालण्याचा ग्रुप आहे. महिन्यातून एक रविवार शहराबाहेर गोल वाट चालायची. जिथून निघालो तिथेच परत.

ग्रुपचा एकच कडक नियम. ज्याने वाट आखली त्याने ती आधी पूर्ण चालून यायची आणि प्रत्येक वळणावर दगडावर चुन्याने बाण काढायचा.

नियम रघुनंदन अण्णांनी घातलेला. अण्णा बासष्ट वर्षांचे. घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. चालताना ते कायम सगळ्यांच्या शेवटी असायचे. कुणी मागे राहू नये म्हणून.

गेल्या नोव्हेंबरात वाट आखायची पाळी माझी होती.

देवनहळ्ळीच्या पुढे पांढऱ्या मातीच्या टेकड्या, मग निलगिरीचं रान आणि फिरून मारुतीच्या देवळापाशी परत. बारा किलोमीटर. शनिवारी चुन्याची डबी घेऊन एकटी गेले. टेकड्या झाल्या. रानाच्या तोंडाशी एक चिंच आहे, तिथवर पोचले आणि ऊन असं काही तापलं की म्हटलं, मरू दे! रस्त्यावर येऊन रिक्षा पकडली आणि घरी जाऊन झोपले.

उरलेली अर्धी वाट लॅपटॉपवर आखली. उपग्रहाच्या चित्रात रानातून पायवाट सरळ गेलेली दिसत होती. ग्रुपवर नकाशावरच्या वाटेची रेघ टाकली आणि खाली लिहिलं, "पूर्ण चालून आले. मस्त वाट आहे."

आळशीपणाचं खोटं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी चिंच ओलांडली तसे मागून अण्णा म्हणाले, "आश्लेषा, इथून पुढे बाण नाहीत की गं?"

"गुरांनी पुसले असतील, अण्णा."

"सरी, सरी, बरं," म्हणाले बिचारे.

पुढे माझी ती सरळ पायवाट दाट झुडपात शिरून संपली. कुणाच्या लक्षात यायच्या आत मी सगळ्यांना डावीकडे, हायवेकडे वळवलं. "पुढे काम चालू झालंय वाटतं," अशी थापही मारली. वळणावर शेवटच्या माणसासाठी थांबायचं असतं. मी थांबले नाही. थांबले असते तर प्रश्न आले असते.

अण्णा तेव्हा मागे होते. कुणाची तरी पाण्याची बाटली चिंचेखाली राहिली होती, ती आणायला गेले होते.

वळणावर बाण नव्हता. अण्णांच्या फोनवर माझी रेघ होती. ती झुडपातून सरळ जात होती.

झुडपाच्या पलीकडे दहा पावलांवर दगडाची जुनी खाण होती.

चार वाजता सापडले.

सगळे म्हणाले, पाय घसरला. पण तेराव्याला त्यांच्या बायकोने, वसुमती अक्कांनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "तू ती वाट चालली होतीस ना गं?"

"हो अक्का. दोनदा."

दोनदा! कुणी विचारलं होतं मला दोनदा म्हणून?

त्यानंतर झोप गेली. फेब्रुवारीत एका रविवारी उठले आणि कुणाला न सांगता तिकडे गेले. राहिलेली अर्धी वाट चालायला.

चिंचेपासून निघाले तेव्हा अकरा वाजले होते. रानात चिटपाखरू नव्हतं. पहिलं वळण आलं. दगडावर...

चुन्याचा बाण.

मी काढलेला नव्हता.

पुढच्या वळणावर दुसरा. त्याच्या पुढे तिसरा. मी बोट लावून पाहिलं...

ओला होता.

आणि मागे पाला वाजला... चर्र... चर्र...

मी थांबले. आवाज थांबला. मी चालले की पुन्हा सुरू. वीसेक पावलं मागे. जवळ येत नव्हता आणि मागेही पडत नव्हता. वळून पाहायची माझी छाती झाली नाही.

बाण त्या झुडपांच्या अलीकडेच उजवीकडे वळले. खाणीला लांबून वळसा घालून, शेताच्या बांधावरून थेट देवळाशी. वाट अशी आखायला हवी होती. फार तर तासभर जास्त लागला असता मला.

देवळापाशी आवाज थांबला. तेव्हा कुठे वळले. कुणी नव्हतं.

"अण्णा, चुकलं माझं," मी मोठ्याने म्हणाले.



तिथून तडक बसवनगुडीला अक्कांच्या घरी गेले. त्या अवरेच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी दारातच बोलून टाकलं. "अक्का, मी त्या वाटेने चालले नव्हते. एकदाही नाही. खोटं बोलले मी."

अक्कांचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"आणखी कोण सांगणार? ह्यांनी." शेंगेतले दाणे भांड्यात पडले. "मी म्हणत होते, बोलावून जाब विचारते तिला. हे नको म्हणाले. लहान आहे, आपणहून सांगेल, स्वल्प थांब, म्हणाले. थांबले मी."

मला रडूच फुटलं. त्यांनी दोन मुस्कटात मारल्या असत्या तरी हलकं वाटलं असतं.

निघताना त्या म्हणाल्या, "मला सांगितलंस, झालं. आता ग्रुपला सांग. उद्या आणखी कुणी अर्ध्यातून घरी जाईल, ह्यांना त्याची काळजी लागलीय."

मी हो म्हणाले.

त्याला आता पाच महिने झाले. मी प्रत्येक वाट आधी पूर्ण चालते. मागे, वीस पावलांवर, पाला वाजतो... डांबरी रस्त्यावरसुद्धा. मला भीती त्या आवाजाची वाटत नाही. तो किती धीराने चालतोय, त्याची वाटते.

ग्रुपला मी अजून सांगितलेलं नाही. आमच्यातलं कुणी हे पान वाचत नाही. म्हणूनच इथे लिहिलं.