बांधाखालची झोपडी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. एकतीस वर्षं रेल्वेचे मातीचे भराव तपासले. जिथे सगळे म्हणायचे ‘काही नाही साहेब’, तिथेच हमखास उंदरांची बिळं निघायची. विश्वास पानिपतात मेला, हे मी माझ्या बायकोला, सुचित्राला, भाजीवाल्याच्या तराजूवरूनसुद्धा ऐकवायचो. तो स्वभाव मला एकदाच नडला. तेव्हा आम्ही लखनौला होतो, इंदिरा नगरमध्ये.

शहाण्णव सालच्या जानेवारीत सुभेदार जयसिंगांचा फोन आला. साताऱ्याकडचा फौजी माणूस. रिटायर झाल्यावर लखनौच्याच तेलीबाग वस्तीत राहिला आणि रायबरेली रोडच्या पुढे शेती घेतली. तिथे नाल्यावर जुना मातीचा बांध होता, त्याने अडवलेल्या तळ्याच्या पाण्यावर गहू.

“मधुकरराव, बांधाच्या पायथ्याला ओल दिसतेय. रविवारी नजर टाकून जावा की.”

एवढंच काम. स्कूटर काढली. अकरा वाजता पोचलो तरी धुकं हललं नव्हतं. बांध दोन पुरुष उंच, आणि त्याच्या पायथ्यापासून बारा पावलांवर रखवालदार हरिहरची झोपडी. दारात त्याची बायको चूल पेटवत होती. गोवऱ्यांच्या धुराचा वास येत होता, आणि त्याच्याखाली कुजलेल्या शेवाळाचा.

पायथ्याशी हातभर जागा ओल्या मातीने लिंपलेली होती. ताजी. माझं डोकंच फिरलं. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर स्वच्छ असेल तर बिनघोर झोपावं, गढूळ झाला की समजावं, बांध आतून वाहून चाललाय. वरून लिंपून टाकलं तर कळणार कसं?

“किसने लीपा?”

हरिहर पन्नाशीचा, वाळका माणूस. हळू आवाजात म्हणाला, “बाहर से किसी ने नहीं लीपा, साहब. हाथ लगाके देखिए.”

मी वाकलो. मातीवर पंजा उमटला होता. पण भिंत लिंपताना बोटं आत रुततात ना? ही बोटं बाहेर आली होती. आतल्या बाजूने कुणी तळहात दाबून धरावा, तशी.

“अंदर कोई बैठा है, साहब... रोके हुए है. पर अब थक गया है.” त्याने झोपडीकडे बोट केलं. “हमारी झोपड़ी ऊपर करवा दीजिए. नीचे मेरी घरवाली सोती है. सुभेदार साहब आपकी बात मानेंगे.”

अच्छा, तर असं होतं! बांधाच्या वरच्या अंगाला सुभेदार ट्रॅक्टरसाठी पक्की खोली बांधत होते. तिथे बिऱ्हाड हलवायचं होतं याला, आणि त्यासाठी हे भुताचं सोंग. ताकाला जाऊन भांडं लपवतोय लेकाचा, मी मनात म्हटलं.

मी सगळं लिंपण खरवडून काढलं. पाणी पेल्यात धरलं. स्वच्छ होतं. मग चुलीतली राख आणून त्या जागेभोवती पसरली. कोणी आलंच तर पाऊल उमटेल. आम्ही झोपडीपाशी बाजेवर चहा घेत बसलो, मी, सुभेदार आणि माझ्या शेजारी मुद्दाम बसवलेला हरिहर. त्याची बायको समोरच रोट्या भाजत होती. शेतावर पाचवं माणूस नव्हतं.

धुक्यातून आवाज आला. थप्... ओल्या मातीवर हात बसतो तसा.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, सावकाश... थप्...

सुभेदारांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला, त्यांना कळलंही नाही.

उठून बघितलं. जागा पुन्हा लिंपलेली होती. राखेवर एकही पाऊल नव्हतं. लिंपणाच्या एका कडेने धार सुटली होती, तिच्याखाली मी पेला धरला. पाणी गढूळ.

“सुभेदार, आजच्या आज पाणी सोडून द्या.”

“अहो, गव्हाचं एक पाणी राहिलंय. दहा दिवस द्या, मग तळं रिकामं करतो.”

“तब तक झोपड़ी तो...” हरिहर हात जोडून उभा राहिला.

आता सांगायला लाज वाटते. भ्यालो मीही होतो, पण माझा संशय भीतीहून जुना. आत नळी पुरली असेल, काही खटका केला असेल. या माणसाला खोली हवीय, एवढंच मला दिसत होतं.

“दहा दिवस निघतील,” मी म्हणालो. “झोपडी राहू दे तिथेच. आणि या गड्यावर नजर ठेवा.”

बोललो मराठीतच, पण हरिहरला कळलं. तो बायकोकडे बघत राहिला.

दहा दिवसांनी गेलो. तळं काठोकाठ भरलेलं आणि पायथा खडखडीत कोरडा. सुभेदार खूश होते. “बघा, आपोआप बसलं!” मातीचा बांध, आणि थेंबाचाही पाझर नाही... असं मी एकतीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

“हरिहर कुठाय?”

“पळाला. चार दिवस झाले, बायकोला टाकून. तुमचा संशय खरा निघाला हो.”

तेवढ्यात ती झोपडीतून आली. हातात झाकलेली थाळी. बांधाच्या पायथ्याशी तिने ती ठेवली आणि पाठ करून बसली. नव्या सुनेने नवऱ्याचं जेवण होईपर्यंत बसावं, तशी. धुक्यात आम्हाला पुढचं नीट दिसेना. थोड्या वेळाने थाळी उचलून ती परत आली. थाळी रिकामी होती.

“हरिहर?” मी विचारलं.

“काम पे हैं.”

ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं पदराने हात पुसत म्हणाली, “आप तो इंजीनियर हैं, साहब... ऐसा बाँध कितने साल चलता है?”

नीट राखलेला मातीचा बांध पन्नास वर्षं सहज टिकतो. ते तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.