दोन वाक्यांमधली जागा

खोलीत दोन कॉम्प्युटर, एक माईक, भिंतींना उभ्या लावलेल्या पाच गाद्या आणि एक माणूस होता. खाली सोळा यंत्रमाग चालू होते. भवानी पेठेतल्या कारखान्यांचा आवाज मोजायचं काम मला मिळालं होतं. जिना चढून वर आले, तर इथेही मीटर एक्क्याऐंशी डेसिबल दाखवत होतं.

"थांबा की," तो माणूस ओरडून म्हणाला. "तीनला लाईट जाती. मग समदं गप्प हुतंय!"

तो बिरुदेव. सांगोल्याकडचा. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या एका तरुणावर व्हिडिओ गेम बनवत होता. माग थांबले की यूपीएसवर संवाद रेकॉर्ड करायचे. बॅटरी वीस मिनिटं चालायची.

"नायिका गाव सोडून चाललीय," त्याने शेवटचा प्रसंग दाखवला. "तरीबी लोक बटण दाबून पुढं जात्यात."

मी आवाजाचा आलेख पाहिला. "दोन वाक्यांमध्ये शून्य पूर्णांक दोन सेकंद. ही दोघं निरोप घेतायत की बॅटरी वाचवतायत?"

त्याचे कान लाल झाले. "बॅटरीच..."

"सिनेमात नायक आधी गप्प बसला असता."

"सिनेमात माणूस खुर्चीत अडकल्याला असतोय. हितं बटण त्याच्या हातात हाय."

"मग दाबू दे त्याला. ज्याला ऐकायचंय, तो थांबेल."

पुढचे दहा दिवस मी रोज गेले — मीटर न घेता. बेचाळीस वाक्यांची आम्ही नऊ केली. खेळणारा थांबला, तरच नायक मान वर करणार, असं ठरलं. बिरुदेव पेरू कापायचा, मीठ लावायचा आणि मोठी फोड न बघता माझ्याकडे सरकवायचा.

शुक्रवारी मी सांगितलं, "सोमवारी बेंगळुरूला रुजू होतेय."

"सोमवारी?" त्याने माउस हातात घेतला, पण हलवला नाही.

नायिकेला आवाज देणारी मुलगी त्या दिवशी आली नव्हती. "तुमीच म्हणा की," तो म्हणाला. नायिकेचं एकच वाक्य उरलं होतं, आणि नायकाचं, म्हणजे त्यानेच म्हणायचं उत्तर कागदावर होतं — 'सांभाळून जा.'

लाईट गेली. माग थांबले. त्याची बाकीची वाक्यं घेता घेता बॅटरी संपत आली, तेव्हा मी माईकजवळ झुकले.

"निघते मी, काही म्हणायचंय?"

तो कागदाकडे बघत राहिला. मग त्याने कागद पालथा घातला. यूपीएस टी-टी करू लागला; त्याने तिकडे पाहिलंही नाही. मीही हलले नाही...

"दर पंधरा दिवसांनी मी तिकडं आलो... तर चालंल का तुमाला?"

"ये."

लाईट आल्यावर आम्ही फाइल उघडली. माझ्या प्रश्नानंतर अकरा पूर्णांक सहा सेकंद. त्याच्या प्रश्नानंतर शून्य पूर्णांक तीन.